लॅमिनेट केलेली वॉरंटी

मोटरसायकल पहिल्यांदा चढावर बंद पडली तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बायको मागच्या सीटवरून उतरली, तिने घड्याळ बघितलं आणि "आता?" एवढंच विचारलं. मी शांतपणे म्हटलं, "काळजी करू नकोस, वॉरंटीत आहे." गाडी वॉरंटीत आहे म्हटल्यावर ती लाजून पुन्हा सुरू होईल अशी माझी बहुधा समजूत असावी.

वॉरंटीतली गाडी बंद पडणं आणि वॉरंटी संपलेली गाडी बंद पडणं यात फार फरक असतो असं मला त्या दिवशी मनापासून वाटत होतं. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत कळलं की फरक खरंच असतो. वॉरंटी संपलेली गाडी लवकर दुरुस्त होते.

त्या दिवशी दहा मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली. पण बायकोच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळी सात म्हणजे सात. सात वाजून चार मिनिटांनी तिने सही केली आणि तिच्या नावापुढे लाल शाईत पहिला लेट मार्क पडला. पुढच्या आठवड्यात गाडी त्याच चढावर पुन्हा बंद पडली आणि दुसरा पडला. तिचं सहा महिन्यांचं प्रोबेशन चालू होतं. तिसरा लेट मार्क पडला की कायम करत नाहीत, असा तिथला नियम. तो नियम तिने मला घरी येऊन, भाजी निवडता निवडता, अगदी साध्या आवाजात सांगितला. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. लॅबचा कोर्स तिने लग्नाआधी केला होता. त्यानंतर पंधरा वर्षं ती घरी होती, आणि त्यातली निम्मी वर्षं माझ्या बदल्यांपायी आणि उरलेली माझ्या आईच्या आजारपणात गेली. तेव्हा ही नोकरी गेली तर ती कोणामुळे जाईल, हे भाजी निवडता निवडता सांगायची गरज नव्हती.

आता माझ्याविषयी. मी पाणीपुरवठा कार्यालयात दफ्तर सांभाळतो. तीस वर्षांपूर्वीच्या नळजोडणीचा कागद मागा, चहा निवायच्या आत टेबलावर. कागदाची काळजी घेणं हा माझा पेशाही आहे आणि, बायकोच्या मते, आजारही. घरी माझं स्वतःचं लॅमिनेशनचं मशीन आहे. मुलीची प्रगतिपुस्तकं, गॅसचा कागद, सासऱ्यांनी लग्नात दिलेली सामानाची यादी, सगळं प्लास्टिकमध्ये सुरक्षित आहे. मोटरसायकललाही मी वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला बायकोच्या पर्सच्या बकलाने टाकीवर ओरखडा उठला, तेव्हा पुस्तकांना लावतात तो चिकट पारदर्शक कागद आणून मी सबंध टाकी मढवली होती. झाकणासाठी वेगळी गोल चकती कापली, किल्लीपुरती फट ठेवली. एकही बुडबुडा राहू दिला नाही. रविवारची सबंध दुपार त्यात गेली होती आणि ती वाया गेली असं मला तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या लेट मार्कची बातमी जिन्यातून वर पोचायला अर्धा तास लागला. आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांना सगळी बिल्डिंग हेडसर म्हणते. हेडसरांकडे एक स्कूटर आहे, वयाने माझ्या नोकरीएवढी, आणि ती कधीही बंद पडत नाही हे ते कोणत्याही विषयावरून येऊन सांगू शकतात. ते खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "टाकीचं झाकण उघडून ठेवा जरा. तिलाही श्वास लागतो." मी हसू दाबलं. यंत्राला श्वास लागतो असं म्हणणाऱ्या माणसाने पस्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, या विचाराने मला पुढच्या पिढीची काळजी वाटली. मी नम्रपणे सांगितलं की गाडी वॉरंटीत आहे, तेव्हा झाकणालासुद्धा कंपनीचाच माणूस हात लावेल.

चढावर, गाडी बंद पडायची त्याच्या बरोब्बर समोर, एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. हा देवाने केलेला इशारा असू शकतो, पण वॉरंटीच्या पुस्तकात सातव्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं की बाहेरच्या माणसाने हात लावल्यास वॉरंटी रद्द. मिस्त्री पहिल्याच दिवशी पाना घेऊन रस्ता ओलांडून आला होता. मी त्याला कलम सांगितलं. त्याने पाना खिशात ठेवला. "मग मी हात लावत नाही साहेब," तो म्हणाला, "लांबून बघतो." आणि तो खरंच पुढे कितीतरी दिवस लांबून बघत राहिला.

मी सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेची खोली, थंड हवा, एक कॉफीचं मशीन आणि त्यावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी जुनी होऊन पिवळी पडली होती. लॅमिनेट करून लावली असती तर अशी वेळ आली नसती, असा विचार माझ्या मनात आला हे कबूल करतो. दीड तासाने माझा नंबर लागला. समोर टाय लावलेला एक तरुण होता. त्याचं नाव छातीवर लिहिलेलं होतं, पण टाय त्यावर येत असल्यामुळे आम्ही घरी त्याला टायच म्हणू लागलो.

टायने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं की तुमच्या तिन्ही मोफत सर्व्हिस झालेल्याच नाहीत, आणि त्या वेळेवर झाल्या नसतील तर वॉरंटी लागू होत नाही. मी म्हटलं, तिन्ही याच खोलीत बसून करून घेतल्या आहेत. तो म्हणाला, गेल्या वर्षी मालक बदलले, जुना कॉम्प्युटर जुन्या मालकांबरोबर गेला. पण पुस्तकातली कुपनं आणि शिक्के दाखवले तरी चालेल. मी अशा क्षणाची आयुष्यभर वाट बघितली होती. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

ते पुस्तक नवीन असतानाच मी त्याच्या पिना काढून पानन् पान लॅमिनेट केलं होतं आणि स्पायरल बाइंडिंग करून घेतलं होतं. टायने ते उचललं, वजन बघितलं, पान उलटलं. कुपनांचं पान आलं. तिन्ही कुपनं कोरी करकरीत, न फाडलेली, प्लास्टिकखाली झोपलेली.

"ही तर वापरलेलीच नाहीत," टाय म्हणाला.

मग मला सगळं आठवलं. पहिल्या सर्व्हिसला इथल्या त्या वेळच्या माणसाने कुपन फाडायचा प्रयत्न केला होता, आधी हाताने, मग दातांनी. शेवटी त्याने प्लास्टिकवरच शिक्का मारला होता. पुढच्या दोन्ही वेळा तसंच. आणि मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातले सगळे लॅमिनेट केलेले कागद ओल्या फडक्याने पुसतो. तीन शिक्के होते. ते मी स्वतःच्या हाताने, अगदी कोपऱ्यांपर्यंत, पुसून काढले होते.

टायने समजूतदारपणे विचारलं की बिलं असतील का. बिलं नसायला मी काय कोणी ऐरागैरा आहे? मी फाइल उघडली. आता इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. सर्व्हिस सेंटरची बिलं छोट्या मशीनमधून निघतात त्या गुळगुळीत कागदावर असतात. त्या कागदाला उष्णता लागली की तो काळा पडतो. हे मला पहिलं बिल लॅमिनेशन मशीनमधून पांढरं आत जाऊन काळं बाहेर आलं तेव्हा कळलं होतं. मग उरलेली दोन का घातलीत, असं बायकोने नंतर विचारलं. त्याचं कारण एवढंच की फाइल एकसारखी दिसावी. मी टायसमोर तीन काळेकुळकुळीत चौकोन ओळीने मांडले. मागच्या बाजूला माझ्या सुवाच्य अक्षरात पहिली, दुसरी, तिसरी असं लिहिलं होतं.

टायने एकेक चौकोन उचलून उजेडात धरला. तो हसला नाही. मला वाटतं त्याच्या प्रशिक्षणात तसं शिकवत असावेत. शेजारच्या टेबलावरची बाई मात्र उठून आत गेली आणि आतून काही वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

यानंतर पत्रव्यवहार सुरू झाला आणि खरं सांगायचं तर दोन दिवस मी सुखात होतो. अर्ज हा माझा प्रांत आहे. कंपनीला अर्ज, सोबत गाडीचे चार बाजूंनी फोटो, किलोमीटरचा आकडा, आणि सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिलने घासून काढलेला ठसा. कंपनीचं उत्तर आलं की शिक्का मारणाऱ्या कर्मचाऱ्याचं पत्र जोडा. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला होता. तीन दुकानं आणि दोन चुकीचे फोन नंबर पालथे घातल्यावर तो सापडला. आता तो पंखे विकत होता. मी नाव सांगायच्या आत त्यानेच मला ओळखलं. "तुम्ही ते प्लास्टिकवाले ना?" तो म्हणाला. त्या पानावर शिक्का उमटत नव्हता म्हणून त्याने तीन-तीनदा मारला होता, हे त्याला अजून आठवत होतं. त्याने आनंदाने पत्र लिहून दिलं.

ते पत्र मी लॅमिनेट केलं.

मला माहीत आहे, वाचणाऱ्याने इथे कपाळावर हात मारला असेल. पण हे पत्र बॉलपेनने साध्या कागदावर लिहिलेलं होतं, त्या गुळगुळीत कागदावर नव्हतं. म्हणजे मी चुकीतून शिकलो होतो. एवढ्या मुश्किलीने मिळालेला कागद आभाळ भरून आलेलं असताना तसाच उघडा नेणं मला शक्य नव्हतं. टायने तो हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, यावर आवक शिक्का मारायचाय." त्याने मारला. शिक्का पसरला. त्याने खिशातला स्वतःचा रुमाल काढून तो पुसला आणि झेरॉक्स काढायला निघून गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच मशीनवर चिडलो.

या सगळ्यात दिवस जात होते आणि सकाळ रोज होत होती. आम्ही अर्धा तास आधी निघायला लागलो. सगळ्याच दिवशी नाही, पण बहुतेक दिवशी चढावर गाडी बंद पडायची. आम्ही उतरून कठड्यावर बसायचो, समोर मिस्त्री चहाचा कप घेऊन लांबून बघायचा, दहा मिनिटांनी गाडी सुरू व्हायची. बायकोने हे सगळं इतकं मुकाट्याने स्वीकारलं की ती कठड्यावर बसून नाश्ता करू लागली. एक दिवस तिने डबा पुढे करून मिस्त्रीलाही विचारलं. तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात सारखं येत होतं की ही बाई पंधरा वर्षांनी घराबाहेर पडली आणि मी तिला आणून कुठे बसवलं, तर रस्त्याच्या कडेला.

शेवटी टायने गाडी दोन दिवस निरीक्षणासाठी ठेवून घेतली. त्या दोन दिवसांची सोय हेडसरांनी केली. स्कूटर ते कोणाला देत नाहीत, म्हणून ते स्वतःच बायकोला सोडणार असं ठरलं. पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून ते दारात उभे. ताशी वीसच्या वेगाने, रिकाम्या चौकातही हात दाखवत, त्यांनी तिला दोन्ही दिवस पंचवीस मिनिटं आधी पोचवलं. मी गॅलरीतून बघत होतो. माझ्या बायकोला वेळेवर नेणारा माणूस सत्तरीचा होता आणि त्याची स्कूटर माझ्या नोकरीएवढी जुनी होती, हे दुःख कोणत्या अर्जात लिहायचं ते मला सुचेना.

तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून गाडी परत मिळाली, सोबत एक कागद: दोष आढळला नाही. मी टायला म्हटलं, तुम्ही चढावर नेली होती का? त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने शपथेवर सांगितलं की दर फेरीआधी झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते बघायचा आणि मगच निघायचा, चार फेऱ्या मारल्या, गाडी लोण्यासारखी चालली. दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दोष आढळला असेल तर तो गाडीत नाही. मी कागद घडी करून खिशात ठेवला. लॅमिनेट करायचीसुद्धा इच्छा झाली नाही, यावरून मी किती थकलो होतो ते समजावं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांची पाठ धरली होती, हे त्यांची वाट बघण्यात वीस मिनिटं गेल्यावर कळलं, म्हणून आम्ही पुन्हा आमच्याच गाडीवर निघालो. चढावर गाडी बंद पडली. कठडा, दहा मिनिटं, सुरू. वीस पावलं गेली आणि पुन्हा बंद. हे नवीन होतं. घड्याळात सात वाजायला अकरा मिनिटं होती आणि हॉस्पिटल अजून दीड-दोन किलोमीटर वर. पळत गेलं तरी तिसरा लेट मार्क ठरलेला. मी किक मारत राहिलो, घाम फुटला, आणि मग मी थांबलो. म्हटलं, "माझं चुकलं. पहिल्याच दिवशी त्या मिस्त्रीला हात लावू द्यायला हवा होता. तुझी नोकरी माझ्या कागदांपायी जाणार."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती टाकीकडे बघत होती, लॅबमध्ये काचेची नळी बघत असेल तशी.

"अहो," ती म्हणाली, "याच्यात हवा कुठून जाते?"

मी म्हटलं, हवा टायरमध्ये असते.

"सलाईनच्या बाटलीला हवेची सुई लावली नाही तर थेंब खाली उतरत नाही. बाटली भरलेली असते, पण बंद. या टाकीत हवा कुठून जाते?"

मी उत्तर द्यायच्या आत तिने किल्ली काढून झाकणात घातली आणि फिरवली. आतून लांबलचक फुस्स असा आवाज आला. रस्त्यापलीकडे मिस्त्रीने कप खाली ठेवला. झाकणावर, माझ्या गोल चकतीखाली, टाचणीएवढं एक भोक स्पष्ट दिसत होतं. कंपनीने ते हवेसाठी ठेवलेलं होतं. मी ते एकही बुडबुडा राहू न देता बंद केलं होतं.

बायकोने नखाने चकतीची कड उचलली आणि एका झटक्यात ती काढून टाकली. झाकण लावलं. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. मी तिला हॉस्पिटलच्या दारात सोडलं तेव्हा सात वाजायला दोन मिनिटं होती. ती पर्स सावरत जिना चढली आणि मी तिथेच उभा राहिलो, ती आत जाऊन सही करेपर्यंत, म्हणजे निदान तेवढा वेळ.

परत येताना मिस्त्रीने हात करून थांबवलं. त्याने चकती रस्त्यावरून उचलून ठेवली होती. ती माझ्या हातात देत तो म्हणाला, "वहिनींना सांगा, दुकानात एक जागा रिकामी आहे." बाकी तो काही बोलला नाही, आणि हे त्याचे उपकार मी विसरणार नाही. हेडसरांना मी काहीच सांगणार नव्हतो. पण बायकोने त्यांच्या बायकोला सांगितलं, आणि त्या संध्याकाळी जिन्यात भेटेल त्याला हेडसर श्वासाचं महत्त्व समजावून देत होते. पाठ दुखत असूनही ते उभे होते.

पुढच्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. विशेष बाब म्हणून माझी वॉरंटी ग्राह्य धरण्यात आली होती, तिची मुदत आदल्या आठवड्यात संपली होती, आणि खाली सूचना होती की वाहनावर बाहेरचे कोणतेही साहित्य चिकटवू नये. सूचना कोणी घातली ते कळलं नाही. मला टायचा संशय आहे. मी टाकीवरचा उरलेला कागद सोलून काढला. ओरखडा तसाच आहे.

आणि मग एका संध्याकाळी बायको घरी आली, चप्पल काढायच्या आधीच पर्स उघडली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. तिला कायम केल्याचा आदेश होता. तिचं पूर्ण नाव, खाली साहेबांची निळी सही, त्यावर गोल शिक्का. मी तो दोनदा वाचला. असा कागद आमच्या घरात याआधी आला नव्हता. सवयीने माझा हात कपाटाकडे गेला, मशीन ठेवलंय त्या खणाकडे.

तिने कागद माझ्या हातातून अलगद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये, कंगव्याशेजारी, तसाच ठेवून दिला.

"राहू दे," ती म्हणाली. "याला जरा हवा लागू दे."